तीन धन्यांचा बिशप

हिंगोली म्हटले की औंढा नागनाथ आठवतो, नर्सी नामदेव आठवते. इतिहासात थोडा रस असणाऱ्याला निजामी अमलातली फौजेची छावणीही आठवते. कॅथलिक बिशपचा माग काढायला मात्र कुणी हिंगोलीला जाणार नाही. त्यासाठी लोक गोव्याला किंवा वसईला जातात. तरीही वसाहतकाळातील बिशप हा नेमका कोण होता, या प्रश्नाचा आढावा हिंगोलीपासून घ्यावासा वाटतो. गोव्यात बसून पाहिले की बिशपच्या मागे राजसत्ता उभी दिसते आणि तिथेच विचार थांबतो. हिंगोली निजामाच्या राज्यात होती. छावणी हैदराबाद कंटिंजंटची, म्हणजे खर्च निजामाचा आणि अधिकारी इंग्रज. १८५३च्या तहानंतर ही फौज नव्याने बांधली गेली आणि १९०३मध्ये ती हिंदुस्थानी लष्करात विलीन झाली. दख्खनमधल्या अशा छावण्यांच्या आसऱ्याने आयरिश शिपाई, मद्रास इलाख्यातले तमिळ ख्रिस्ती, बँडवाले, खानसामे अशी पांगलेली कॅथलिक वस्ती तयार झाली. वस्ती आली की पाद्री लागतो, आणि पाद्री आला की त्याचा बिशप कोण हे ठरवावे लागते. निजामाच्या मुलखातले हे उत्तर लिस्बनमध्ये ठरले नाही, लंडनमध्येही नाही. हैदराबादकडचा भाग आयरिश आणि पुढे मिलानच्या इटालियन पाद्र्यांकडे गेला. जालना-औरंगाबादकडची ठाणी पार पूर्व किनाऱ्यावरच्या विशाखापट्टणम मिशनकडे गेली. हे मिशन चालवणारे पाद्री ॲनेसी गावचे. १८४५मध्ये ते भारतात उतरले तेव्हा त्यांचा सावोय प्रांत फ्रान्समध्येही नव्हता. १८६०पर्यंत ती मंडळी सार्डिनियाच्या राजाची प्रजा होती.

मुसलमान राजाचा मुलूख, इंग्रज अधिकाऱ्यांची छावणी, तमिळ आणि आयरिश भाविक, सावोयचा पाद्री. यात बिशपला कोणत्या साम्राज्याचा हस्तक म्हणायचे? मराठी लेखनात या पदाविषयी दोन ठरावीक चित्रे आढळतात. एकात बिशप हा वसाहती सत्तेचा धार्मिक हात असतो. सैन्य पुढे, त्यामागे व्यापारी आणि त्यामागे तो. दुसरे चित्र चर्चच्या स्मरणिकांतले. त्यात तो शाळा, अनाथालये आणि देवळे बांधणारा त्यागी पुरुष असतो. दोन्ही चित्रांत तो समर्थ आहे, वाद फक्त सामर्थ्य कशासाठी वापरले एवढाच. मला हे गृहीतच चुकीचे वाटते. चारशे वर्षांचा पुरावा एकत्र ठेवला तर वसाहतकाळातला बिशप बहुतेक वेळा परावलंबी दिसतो. त्याला तीन धनी होते: नेमणारा राजा, अधिकार देणारा रोम आणि ज्यातून तो आला तो धर्मसंघ. तिघांचे क्वचितच जमले. त्याच्या आयुष्याचा मोठा हिस्सा हिंदू-मुसलमानांशी झगडण्यात गेला नाही, तो दुसऱ्या कॅथलिकांशी हद्दीवरून भांडण्यात गेला.

या भांडणाचे मूळ एका सोयीच्या करारात आहे. पंधराव्या-सोळाव्या शतकांत पोपने पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडच्या चर्चचे आश्रयदातेपण दिले. यालाच पाद्रुआदो म्हणतात. राजाने देवळे बांधायची, पाद्र्यांचा खर्च सोसायचा आणि त्या बदल्यात बिशपची नावे सुचवायची. १५३४मध्ये गोव्याचा धर्मप्रांत स्थापन झाला आणि त्याची कागदोपत्री हद्द आफ्रिकेच्या केप ऑफ गुड होपपासून चीनपर्यंत पोचली. एवढ्या मुलखाला माणसे पुरवणे पोर्तुगालच्या आवाक्यात नव्हते. शिवाय पोर्तुगीज झेंडा नसलेल्या राज्यांत पोर्तुगीज बिशपला कोण विचारणार, हाही प्रश्न होता. म्हणून १६२२मध्ये रोमने प्रोपगंडा फिदे हे आपले खाते उघडले आणि थेट आपले अपोस्तोलिक व्हिकर पाठवायला सुरुवात केली. व्हिकरला बिशपचा दर्जा असे, पण पदनाम केव्हाच्या तरी बुडालेल्या एखाद्या प्राचीन ग्रीक शहराचे. त्यामुळे राजाच्या हक्कावर कागदोपत्री आच येत नसे. एकाच जागी दोन सनदा, असा हा मामला होता. पुढली अडीचशे-तीनशे वर्षे याच गाठीभोवती फिरतात.

या गाठीत सापडलेला पहिला माणूस आपल्याच भागातला होता, आणि त्याची हकीकत या प्रश्नाच्या केंद्रस्थानी आहे. मातेउस द कास्त्रो हे सुमारे १५९४मध्ये गोव्यातल्या दिवाडी बेटावर एका बाटलेल्या ब्राह्मण घराण्यात जन्मले. रेईश मागूश येथे फ्रान्सिस्कन पाद्र्यांकडे त्यांचे शिक्षण झाले. गोव्याच्या आर्चबिशपांनी त्यांना पौरोहित्याची दीक्षा नाकारली. कास्त्रो खुष्कीच्या मार्गाने निघाले, १६२५मध्ये रोमला पोचले, तिथे शिकले आणि १६३०च्या सुमारास धर्मगुरू झाले. परत आले तेव्हा रोमने दिलेले अधिकार गोव्यात कुणी मानेना. ते पुन्हा रोमला गेले. १६३७मध्ये प्रोपगंडाने त्यांना क्रिसोपोलिसचे नामधारी बिशप आणि आदिलशाही मुलखाचे अपोस्तोलिक व्हिकर केले. लॅटिन परंपरेतला हा पहिला भारतीय बिशप. गोव्यात परतल्यावर त्यांची कागदपत्रे बनावट ठरवण्यात आली. तेव्हा त्यांनी पोर्तुगीज हद्दीबाहेर, आदिलशाही अमलातल्या डिचोलीत मुक्काम टाकला आणि गोव्यातून येणाऱ्या देशी तरुणांना दीक्षा दिली. गोव्यात आश्रयाला असलेले इथिओपियाचे जेझुइट पेट्रिआर्क आफोन्सो मेंदेस हे त्यांचे कडवे विरोधक होते. म्हणजे विरोध करणाराही बिशप, आणि ज्याच्या विरोधात कागद रंगवले जात होते तोही बिशपच.

कास्त्रोंना देशभक्त ठरवण्याचा मोह गोव्यातल्या काही लेखकांना झाला आहे. तो मोह आवरलेला बरा. १६५३मध्ये त्यांनी गोव्यातल्या ब्राह्मण ख्रिस्त्यांना उद्देशून पोर्तुगिजांविरुद्ध एक जळजळीत लेख लिहिला. डचांशी आणि विजापूर दरबाराशी त्यांनी संधान बांधल्याचा आरोप झाला, आणि पुढच्याच वर्षी आदिलशाही फौजा बारदेश-सासष्टीत घुसल्या तेव्हा पोर्तुगिजांचा संशय पक्का झाला. पण त्यांचे मागणे नीट वाचले तर त्यात सर्व देशी लोकांसाठी समानता नव्हती. ब्राह्मणांचा हक्क पोर्तुगिजांनी डावलला, ही त्यांची मुख्य तक्रार होती. इतर जातींच्या ख्रिस्त्यांना त्यांच्या योजनेत फारशी जागा नव्हती. ही बाजू लपवून त्यांचे चरित्र लिहिणे म्हणजे गोव्याच्या चर्चमधला जातिभेद झाकणे. तरी माझ्या मुद्द्याला त्यांच्या स्वभावाने धक्का लागत नाही. रोमचे पूर्ण अधिकारपत्र, धर्मशास्त्राचे उत्तम शिक्षण आणि मुस्लिम राजाचा आसरा हे सगळे असूनही बिशप आपल्या जन्मगावात, नदीपलीकडे, धर्मविधी करू शकत नव्हता. १६५८मध्ये ते कायमचे रोमला गेले आणि १६७७मध्ये तिथेच वारले. त्यांच्या जागी वेर्णाचे कुस्तोदियु द पिन्यु आणि कास्त्रोंचे पुतणे तोमास द कास्त्रो असे आणखी दोन गोवेकर व्हिकर नेमले गेले. त्यांच्यानंतर ही वाट बंद झाली. पुढचा लॅटिन भारतीय बिशप तुतीकोरीनला १९२३मध्ये झाला, तिबुर्तियस रोश.

यावर पहिला आक्षेप साहजिक आहे. गोव्यात हिंदूंची देवळे पाडली गेली, १५६७च्या प्रांतिक धर्मसभेने हिंदूंवर निर्बंधांची यादी केली, इन्क्विझिशन हे धर्मन्यायालय १५६०पासून १८१२पर्यंत, मधली काही वर्षे सोडता, चालले. मग बिशपला दुबळे कसे म्हणायचे? आक्षेप खरा आहे आणि तो टोलवता येणार नाही. आर्चबिशप आलेशु द मेनेझिस यांनी १६०७ ते १६०९ या काळात गोव्याचा राज्यकारभारही सांभाळला. तिथे धर्मसत्ता आणि राजसत्ता एकाच माणसात होती. पण याच गोष्टीकडे जरा बारकाईने पाहावे. राजा सोबत असेल तिथे बिशप बलाढ्य होता, राजा पाठ फिरवील तिथे त्याचे पदच रिकामे राही. १६४०मध्ये पोर्तुगाल स्पेनपासून वेगळे झाले, रोमने नव्या राजाला मान्यता दिली नाही, आणि जवळजवळ तीस वर्षे राजाने सुचवलेल्या नावांवर शिक्कामोर्तब होईना. आर्चबिशप वारला की गोव्याची गादी तशीच पडून राही. इन्क्विझिशनही आर्चबिशपच्या हाताखाली नव्हते, ती लिस्बनच्या तंत्राने चालणारी स्वतंत्र यंत्रणा होती आणि तिचे अधिकारी आर्चबिशपशीही झगडत. गोव्यातल्या जुलुमाची जबाबदारी बिशपांवर येतेच, ती पुसण्याचे कारण नाही. मात्र ती ताकद उसनी होती आणि धनको लिस्बनला बसला होता.

ही ताकद किती उसनी होती हे कळायला वसई पाहावी. १७३९मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि युरोपीय धर्मसंघांना काढता पाय घ्यावा लागला. साम्राज्याबरोबर धर्मही गेला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. पण मराठी अमलातही वसई-साष्टीतली कॅथलिक गावे टिकली, कारण गोव्याहून आलेल्या देशी पाद्र्यांनी ती सांभाळली. गोव्याच्या आर्चबिशपचा अधिकार पेशव्यांच्या मुलखात पोर्तुगीज झेंड्याशिवाय चालत राहिला. चर्च टिकवण्याचे काम ज्यांनी केले त्यांतल्या एकालाही बिशप व्हायची मुभा नव्हती. स्मरणिकांतल्या चित्रात हे सहसा येत नाही.

मुंबईत याच कथेला वेगळा रंग चढला. इंग्रज प्रोटेस्टंट, त्यांना कॅथलिक बिशपचे प्रेम असण्याचे कारण नव्हते, पण आपल्या बेटावरच्या कॅथलिकांनी पोर्तुगीज आर्चबिशपचा हुकूम मानावा हेही त्यांना परवडणारे नव्हते. म्हणून १७२०मध्ये कंपनी सरकारने गोव्याचे फ्रान्सिस्कन पाद्री हाकलले आणि रोमच्या कार्मेलाइट व्हिकरला बोलावून देवळे त्याच्या हवाली केली. सत्तर वर्षांनी भाविकांतल्या एका गटाच्या अर्जावर कंपनीच्या संचालकांनी उलटा हुकूम दिला आणि १७९१मध्ये देवळे गोव्याकडे परत गेली. यावर दुसरा गट खवळला, तेव्हा १७९४मध्ये देवळांची चक्क वाटणी झाली. लंडनच्या व्यापारी पेढीने मुंबईच्या कॅथलिकांचा बिशप ठरवावा आणि दोन्ही बिशपांनी निकालासाठी तिच्याच दारात उभे राहावे! याला कुणी साम्राज्य आणि चर्च यांची हातमिळवणी म्हणत असेल तर त्याने ‘हातमिळवणी’ या शब्दावर फार भार टाकला, एवढेच म्हणता येईल.

१८३४मध्ये पोर्तुगालने रोमशी संबंध तोडले, धर्मसंघ बरखास्त केले. १८३८मध्ये पोपने ब्रिटिश मुलखातले पाद्रुआदोचे अधिकार रद्द केले. गोव्याने ते मानले नाही. १८४४च्या सुमारास आर्चबिशप सिल्व्हा तोरेस यांनी शेकडो तरुणांना घाईने दीक्षा देऊन ब्रिटिश हद्दीतल्या देवळांसाठी फौजच उभी केली. १८५३मध्ये मुंबईचे व्हिकर, स्विस कापुचिन अनास्तासियस हार्टमन, माहीमचे देऊळ ताब्यात ठेवण्यासाठी स्वतःला आत कोंडून बसले आणि बाहेर त्यांच्याच धर्माच्या लोकांनी वेढा दिला. हार्टमन हे लहान माणूस नव्हते, विद्वान होते, व्रतस्थ होते. पण त्यांचे मुंबईतले दिवस कशात गेले ते पाहिले म्हणजे बिशपच्या दिनचर्येविषयीचा आपला भाबडा समज गळून पडतो. हिंदूंना बाटवण्याची योजना आखायला निवांतपणा लागतो. या माणसाला तो कुठे होता?

इथे दुसरा, अधिक सूक्ष्म आक्षेप येतो. भांडणे असतील, पण १८६०नंतर जेझुइटांनी मुंबईत शाळा-महाविद्यालये उभारली, १८६९मध्ये सेंट झेविअर्स कॉलेज निघाले, सरकारी अनुदाने मिळाली, पलटणींच्या पाद्र्यांना सरकार भत्ते देत असे. मग ब्रिटिश राज्यात बिशप सरकारचा भागीदार नव्हता काय? भागीदार म्हणण्यापेक्षा गरजवंत म्हणावे. अनुदान मिळे ते परीक्षा आणि तपासणीच्या अटींवर, जे कोणत्याही खासगी शाळेला लागू होते. भत्ते शिपायांच्या सोयीसाठी होते आणि पलटण हलली की भत्ता हले. छावणीच्या आधारावर उभ्या असलेल्या हिंगोलीसारख्या ठाण्यांचा कच्चेपणा इथे आहे. राज्यकर्त्यांची मेहरबानी किती पोकळ होती ते पहिल्या महायुद्धात कळले. मुंबई-पुण्याचे जेझुइट बहुतेक जर्मन होते. सरकारने त्यांना शत्रुराष्ट्राचे म्हणून नजरकैदेत ठेवले आणि पुष्कळांना मायदेशी पाठवले. मुंबईचे आर्चबिशप युर्गेन्स १९१६मध्ये वारले आणि १९१९मध्ये इंग्रज जेझुइट आल्बन गुडियर येईपर्यंत गादी रिकामी होती. पुण्याचे बिशप हाइन्रिश डेरिंग यांचे नशीब तर विलक्षण: महायुद्धाने त्यांना आपल्या धर्मप्रांताबाहेर अडकवले, १९२१मध्ये रोमने त्यांना जपानात हिरोशिमाला नेमले आणि १९२७मध्ये ते पुन्हा पुण्याला आले. अर्धशतक शाळा चालवून दिल्यावर सरकारला या मंडळींचा पासपोर्ट तेवढा दिसला.

नागपूरचा धर्मप्रांत, ज्याच्या छायेत औरंगाबादकडचा मराठवाडा आला, तो १८८७मध्ये झाला. आदल्या वर्षी पोपने पोर्तुगालशी नवा करार करून भारतातल्या चर्चची रीतसर घडी बसवली होती, त्याचेच हे फळ. आलेक्सिस रिकाझ हे पहिले बिशप. त्यांच्यामागून पेल्व्हा, क्रोशे, बोनाव्हांत्यूर, कोपेल आणि गाये. सगळे ॲनेसीच्याच धर्मसंघाचे. मध्य प्रांत, वऱ्हाड, निजामाच्या राज्याचा तुकडा, अशी हद्द. तिच्यात तीन प्रकारचे राज्यकर्ते आणि चार-पाच भाषा. पाद्रुआदोचा तंटा इथे जवळपास नव्हता, म्हणून माझे म्हणणे तपासायला हा उत्तम नमुना आहे: भांडण नसेल तर बिशप समर्थ होतो काय? उत्तर ‘थोडासा’ असे आहे. शहरी शाळा निघाल्या, कामठीसारख्या छावण्यांत देवळे उभी राहिली. पण मराठवाड्यात जी खरी मराठी कॅथलिक वस्ती तयार झाली ती वैजापूर तालुक्यातल्या घोगरगावच्या मिशनमधून, दुष्काळांच्या काळात, मुख्यतः महार-मांग कुटुंबांतून. तिथे नाव राहिले ते गुरियँ जाकिए या फ्रेंच पाद्र्याचे. त्यांना बिशपपद कधी मिळाले नाही. आजही त्या भागात लोक त्यांच्या नावाने जमतात. नागपूरच्या सहा युरोपीय बिशपांपैकी एकाचेही नाव गंगथडीतल्या माणसाच्या ओठावर नाही. निजामी राज्यात तर प्रोटेस्टंटही कमी नव्हते. जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी वसवलेले बेथेल हे कर्तृत्व एका देशी ब्राह्मण ख्रिस्त्याचे, आणि तेही निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्या दरबाराने दिलेल्या जमिनीवर. ख्रिस्ती धर्माला जागा देणारा मुसलमान दिवाण आपल्या ‘सैन्य-व्यापारी-बिशप’ या साखळीत कुठेच बसत नाही.

देशी माणसाला बिशप न करण्यामागे चर्चचा एक बचाव नेहमी पुढे येतो: शिकलेले देशी पाद्री पुरेसे नव्हते. हा बचाव गोवा-मुंबईपुरता तरी टिकत नाही. गोव्यात सतराव्या शतकापासून देशी पाद्र्यांची रेलचेल होती. श्रीलंकेपासून आफ्रिकेपर्यंत ते काम करत होते. उणीव नेमणाऱ्यांच्या इच्छेची होती. वेर्णाचे आंतोनियु फ्रान्सिस्कु झावियेर आल्व्हारेस हे त्या अनिच्छेचे दुसरे साक्षीदार. १८८६च्या करारात पाद्रुआदोची बरीच देवळे गोवेकर पाद्र्यांच्या हातून गेली. त्याविरुद्ध उठलेल्या आल्व्हारेसांनी १८८९मध्ये रोम सोडून अंत्युखियाच्या सीरियन ऑर्थोडॉक्स परंपरेत बिशपपद घेतले. कॅथलिक चर्चने त्यांना बहिष्कृत केले. पणजीत गोरगरिबांची, रोग्यांची सेवा करत १९२३मध्ये ते वारले. कास्त्रोंना बिशप होण्यासाठी रोम गाठावे लागले आणि आल्व्हारेसांना रोम सोडावे लागले. मधल्या अडीचशे वर्षांत गोव्याने देशी माणसासाठी घरातले दार उघडले नव्हते.

शेवटचा अंक तर निव्वळ राजनैतिक हिशेबाचा आहे. १९२८मध्ये पोर्तुगाल आणि रोम यांच्यात ठरले की मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असावा. त्याप्रमाणे पोर्तुगीज जोआकिम लिमा झाले, मग १९३७मध्ये इंग्रज थॉमस रॉबर्ट्स. ज्या शहरात बहुसंख्य कॅथलिक ईस्ट इंडियन, गोवेकर आणि मंगळुरी होते तिथे पाळी मात्र लिस्बन आणि लंडनची! रॉबर्ट्स यांनी हा खेळ ओळखला. व्हॅलेरियन ग्रेशस यांना १९४६मध्ये साहाय्यक बिशप करून कारभार त्यांच्यावर सोपवून ते युरोपला गेले, जेणेकरून पुढची पाळी पोर्तुगिजाची न होता देशी माणसाला वाट मिळावी. या सगळ्या आढाव्यात स्वतःचे पद सोडून देण्यासाठी अधिकार वापरणारा हा एकच बिशप मला दिसतो, आणि सर्वांत प्रभावी कृती त्याचीच ठरली. १९५०मध्ये आळीपाळीचा करार संपला.

तारखा शेजारी ठेवल्या की निष्कर्ष काढायला वेगळे पुरावे लागत नाहीत. पुण्याला पहिला भारतीय बिशप १९४९मध्ये मिळाला, मुंबईला १९५०मध्ये, नागपूरला १९५१मध्ये. इंग्रज गेल्यावर चार वर्षांत तिन्ही गाद्या बदलल्या. म्हणजे योग्य माणसे आधीपासून होती. १९५५मध्ये अमरावती आणि १९७७मध्ये औरंगाबाद धर्मप्रांत वेगळा झाला, आणि हिंगोलीचा बिशप प्रथमच मराठवाड्यात राहायला आला. हिंगोली जिल्हा त्यानंतर, १९९९मध्ये झाला. कास्त्रोंच्या गोव्यात सर्वांत उशीर झाला. १९६१मध्ये पोर्तुगीज सत्ता गेली, तरी शेवटच्या पोर्तुगीज आर्चबिशपचा राजीनामा १९७५पर्यंत लांबला, आणि राउल गोन्साल्व्हिस हे पहिले गोवेकर आर्चबिशप म्हणून गादीवर बसले ते १९७८मध्ये.